शून्यागार आणि ऊस : ‘लपाछपी’तील झपाटलेल्या घराची चौकशी

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, पिशाचादिकांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांनी होणारा त्रास, शून्यागार म्हणजे ओसाड घर, अरण्य, आणि स्वजनांचा वध वा बंधन पाहणे किंवा त्याविषयी ऐकणे, अशा गोष्टी एकाच ओघात सांगितल्या आहेत. या यादीकडे रसचर्चेच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही; शृंगार, करुण आणि शांत यांच्याच विवेचनात आपली रसचर्चा बहुधा रमली. परंतु ओसाड घर आणि स्वजनवध यांना आचार्यांनी शेजारी शेजारी बसविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आधुनिक भयपटाने यांतील पहिल्या वस्तूचा यथेच्छ उपयोग केला आणि दुसरी बहुतेक विसरून टाकली. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेल्या व 2017 च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात प्रदर्शित झालेल्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाचे महत्त्व असे की, त्यात ओसाड घर, अरण्य आणि स्वजनवध ही तिन्ही पुन्हा एकत्र आली आहेत. अरण्याची जागा मात्र उसाने घेतली आहे. हा फेरफार वरवरचा नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

झपाटलेल्या घराची चौकशी हा भयपटातील एक स्वतंत्र उपप्रकार मानावयास हरकत नाही. घर ठरलेले असते, बाहेरून कोणी तरी त्यात येतो, चमत्कारिक घटना घडू लागतात, आणि ‘येथे काय झाले होते?’ या एकाच प्रश्नाभोवती कथा फिरू लागते. अल्प भांडवलाच्या निर्मात्याला हा प्रकार विशेष प्रिय असतो, याचे कारण उघड आहे. घर एकच लागते, पात्रे मोजकी लागतात, आणि अंधार फुकट मिळतो. रॉबर्ट वाइज यांच्या 1963 च्या ‘द हॉन्टिंग’मध्ये चौकशीकार शास्त्रीय वृत्तीचा संशोधक होता, 1999 च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये हातात कॅमेरे घेतलेले तरुण विद्यार्थी होते, आणि ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा चित्रपट तर ओरेन पेली यांनी स्वतःच्याच राहत्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरांत चित्रित केला. आपल्याकडे रामसे बंधूंनी 1972 मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हा चित्रपट घरच्याच मंडळींच्या बळावर महाबळेश्वरी जाऊन काढला व एका गृहोद्योगाचा पाया घातला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. द्रव्याच्या टंचाईमुळे भूत फार वेळ दाखविता येत नाही. त्यामुळे शोध घेणाऱ्याचा चेहराच पडद्यावर अधिक राहतो. या प्रकारच्या चित्रपटाचे यशापयश भुतापेक्षा चौकशीकारावर अवलंबून असते.

मराठीत या चौकशीकाराची परंपरा वाङ्मयातून आली. नारायण धारप (1925–2008) यांनी ‘समर्थ’ ही व्यक्तिरेखा निर्माण करून अमानवी शक्तींचा बीमोड करणारा एक अधिकारी पुरुष मराठी वाचकाला दिला. (जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव पूर्वी अंबड तालुक्यातच मोडत असे, नावाचा हा योगायोग या परिसरातील वाचकाच्या मनात सहज चाळवतो, इतकेच.) धारपांचा समर्थ भुताच्या अस्तित्वाविषयी शंका घेत नाही, तो त्याचा बंदोबस्त करतो. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथेत चौकशी आतल्या आत, माणसाच्या मनात चालते. बोलपटाने या दोन्ही वाटा थोड्याथोड्या चोखाळल्या. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) या चित्रपटाचा ओढा दुसऱ्या वाटेकडे होता. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (2004) मध्ये वाडा, इनामदार आणि नोकरीसाठी गावी आलेले तरुण असा सारा सरंजाम आहे. पण हसू हाच त्याचा धर्म असल्यामुळे वाड्याचा भूतकाळ त्याला फारसा नडत नाही.

याहून वेगळे एक उदाहरण हिंदी चित्रपटात सापडते. पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिनी एमएमएस’ (2011) हा अल्प खर्चाचा, कॅमेऱ्यांच्या नोंदींतून कथा सांगणारा चित्रपट. त्याच्या उथळपणाबद्दल पुष्कळ बोलता येईल. तरीही त्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे : मुंबईबाहेरच्या त्या घरातील भूत मराठी बोलते. आपण चेटकीण नाही, आपण आपल्या मुलांना मारलेले नाही, असे ते पुनःपुन्हा सांगते. ज्या स्त्रीवर गावाने आरोप ठेवला तिची जबानी तिच्याच भाषेत पडद्यावर येते, आणि तेथे जमलेल्यांपैकी कोणालाही तिची चौकशी करावीशी वाटत नाही. कॅमेरे घरभर बसविलेले आहेत, पण ते दुसऱ्याच, हीन हेतूने. साक्ष आहे आणि न्यायसभा नाही, अशी ही स्थिती. ‘लपाछपी’ने ही न्यायसभा भरविली असे म्हणता येईल.

‘लपाछपी’चे कथानक थोडक्यात असे. नेहा (पूजा सावंत) ही आठ महिन्यांची गर्भवती आहे. पती तुषार (विक्रम गायकवाड) देण्यापायी गुंडांच्या तडाख्यात सापडला असल्याने दोघांना शहर सोडून लपावे लागते. भाऊराव (अनिल गवस) हा त्यांचा चालक त्यांना उसाच्या फडांत दडलेल्या आपल्या घरी आणून ठेवतो. तेथे त्याची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची देखभाल करते. मायेने करते, हे महत्त्वाचे. लौकरच नेहाला मुले दिसू लागतात, एक स्त्री दिसू लागते, आणि ती घराला प्रश्न विचारू लागते.

येथे चौकशीकाराच्या जागी गर्भवती स्त्रीला बसविल्यामुळे या उपप्रकाराचे सारे गणित बदलून गेले आहे. एरवीचा चौकशीकार घरात येतो तो स्वेच्छेने, आणि वाटेल तेव्हा निघून जाण्याची मुभा त्याला असते. तो जात नाही, यातच त्याचे शौर्य किंवा मूर्खपणा असतो. ‘हे लोक घर सोडून का जात नाहीत?’ हा प्रेक्षकाचा जुना आक्षेप येथे आपोआप गळून पडतो. नेहाच्या मागे गुंड आहेत, पुढे ऊस आहे, आणि पोटात आठ महिन्यांचे ओझे. तिला पळता येत नाही, झुकता येत नाही, अडगळीत शिरता येत नाही. तिची चौकशी धीम्या पावलांची आहे. पूजा सावंत यांनी चालण्याचा हा जडपणा सातत्याने सांभाळला आहे; चित्रपटातील भीतीचा मोठा वाटा या चालण्यात आहे. दुसरे असे की, चौकशीचा विषय आणि चौकशी करणारी यांत अंतर उरत नाही. घरात पूर्वी काय घडले, या प्रश्नाचे उत्तर तिच्या उदरातील जिवाच्या भवितव्याशी बांधलेले आहे.

दिग्दर्शकाचा सर्वांत धाडसी निर्णय प्रकाशाचा आहे. भयाचे अनेक प्रसंग भर उन्हात घडतात. उसाचा फड दुपारीही आत काळोखा असतो, आणि वाऱ्याने पाचट वाजते तेव्हा तो आवाज माणसाच्या चालण्याचा की पात्यांचा हे ओळखू येत नाही, याची प्रचिती ज्याने ऊस पाहिला आहे त्याला सांगावयास नको. भरताचा ‘विकृत ध्वनी’ येथे अगदी नैसर्गिक कारणाने सिद्ध होतो. असे असताना पार्श्वसंगीताने तो ध्वनी ठिकठिकाणी झाकून टाकावा, हे दुर्दैव होय. दचकविण्यासाठी आघात करणारे संगीत म्हणजे प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवरचा अविश्वास. अल्प खर्चाच्या चित्रपटाला जे फुकट मिळाले होते तेच त्याने पैसे खर्चून घालविले.

आता उसाविषयी. चित्रपटातील गाव अंबडचे म्हणून ओळखले जात नाही. परंतु अंबडच्या प्रेक्षकाने हा चित्रपट पाहावा तो एका विशिष्ट स्मृतीसह. अंबड हे जुने गाव. माशाच्या आकाराच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवी, अंबऋषी राजाची आख्यायिका, होळकरांचा अंमल व अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेली बांधकामे, बारवा, चिरेबंदी जोती आणि पडके वाडे, असे त्याचे वैभव. अशा गावातील भूतकथांचा भूगोल ठरलेला असतो : वाड्याचे तळघर, बारवेची खालची पायरी, वेशीबाहेरचा पिंपळ. भूत म्हणजे जुन्या मालकीची शिल्लक असे या भूगोलात गृहीत असते. धन पुरलेले असते, वारस हुकलेला असतो, आणि त्यामुळे कोणी तरी राखण करीत बसलेला असतो. ‘पछाडलेला’सारखा चित्रपट याच मुलखात वावरतो.

उसाचा मुलूख मात्र नवा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी या भागांत खेळू लागले, आणि ज्वारी-कापसाच्या शिवारात ऊस उभा राहिला. अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आला. ज्वारीच्या ताटांत माणूस लपतो तो फार तर काही आठवडे. ऊस वर्षभर उभा असतो, माणसाच्या डोक्यावर वाढतो, आणि घराच्या भिंतीपर्यंत येऊन भिडतो. मराठवाड्यातील समृद्धीची हीच खूण. या समृद्धीच्या पोटात ‘लपाछपी’ने भूत घातले. ओसाडपणात भूत वसते, हा जुना समज. येथे ते भरघोस, ओलिताखालच्या, पैसा देणाऱ्या पिकात आहे. चित्रपटकर्त्याने एवढा विचार करून हे केले असेल वा नसेल. प्रतिमा बोलते ते तिच्या परिस्थितीच्या बळावर.

आणि ही परिस्थिती आकड्यांत मांडता येते. गर्भजलचिकित्सेच्या दुरुपयोगास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांआधी केला; केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला. असे असूनही राज्यातील सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण, दर हजार मुलांमागे मुली, 1991 च्या जनगणनेत 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 असे घसरत गेले. अंबड तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या बीड जिल्ह्यात 2011 मध्ये ते 807 इतके खाली होते. ‘लपाछपी’तील घरात जे घडले ते या आकड्यांपलीकडचे नाही. मुलगी नको म्हणून त्या घराने केलेल्या हत्या, हेच तेथील रहस्य आहे. तुळसाबाई त्या घराची एक हकीकत सांगते. ती घराला सोयीची हकीकत आहे, आणि तीत दोष मेलेल्या स्त्रीचा आहे. नेहाची चौकशी जसजशी पुढे सरकते, तसतशी ही हकीकत उलटत जाते. जिची भीती वाटावी ती पाठीराखी ठरते, आणि जिच्या हातचे जेवण आठवण ठेवून वाढले गेले तीच घातक ठरते. झपाटलेले घर याचा अर्थ ‘भुताने पछाडलेले घर’ असा नसून ‘मुलग्याच्या हव्यासाने पछाडलेले घर’ असा आहे, हे कळण्याचा क्षण चित्रपटाचा उत्कर्षबिंदू होय. भरताने सांगितलेला स्वजनवध येथे केवळ ऐकावयाचा राहत नाही. तो पुन्हा घडू पाहतो.

मराठवाड्याच्या वाचकाला येथे आणखी एका चौकशीची आठवण होणे अपरिहार्य आहे. भानामती हा शब्द या प्रदेशात अद्याप पुरता जुना झालेला नाही. घरावर दगड पडणे, दोरीवरचे कपडे आपोआप पेटणे, अन्नात घाण पडणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, बायकांनी एकाएकी घुमू वा ओरडू लागणे, अशा घटनांनी गावेच्या गावे हादरल्याचे प्रकार येथे घडले आहेत. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांची प्रत्यक्ष तपासणी केली. त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. घरातील प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावयाचे, घटना कोणाच्या हजेरीत घडतात याची टाचणे ठेवावयाची, आणि ज्याच्या हातून हे होते त्याला विश्वासात घेऊन ते थांबवावयाचे. बहुधा तो हात घरातील सर्वांत दबलेल्या व्यक्तीचा निघतो. सासुरवासाने कोंडलेली सून, दुर्लक्षित मुलगी किंवा मुलगा. म्हणून नाव जाहीर करावयाचे नाही, हा त्या कार्यकर्त्यांचा नियम. ज्याला बोलता येत नाही तो दगड फेकतो, हे ओळखण्यापर्यंत ही चौकशी पोहोचते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी-भानामतीचा आळ घेऊन माणसाला छळणे या कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

या दोन चौकश्या शेजारी ठेवल्या म्हणजे ‘लपाछपी’चे बळ व मर्यादा दोन्ही दिसू लागतात. दोन्हींत भुताटकीचे मूळ घरातल्या दडपणुकीत सापडते. हे साम्य थोडे नाही. मराठी भयपट या ठिकाणी भानामतीच्या तपासकांच्या जवळ येतो, आणि धारपांच्या समर्थापासून दूर जातो. पण तपासकांच्या लेखी भूत नसते, केवळ एक घुसमटलेली जिवंत व्यक्ती असते. चित्रपटात ती व्यक्ती आधीच मेलेली आहे आणि तिचे भूत खरे आहे. भुताला न्याय मिळवून देण्यास चित्रपट समर्थ ठरतो, कारण भूत कोणाकडे काही मागत नाही. जिवंत सुनेचे काय, हा प्रश्न त्यामुळे नेहाच्या एकटीच्या सुटकेत विरघळून जातो. भयपटाने विवेकवादी प्रबंध लिहावा अशी अपेक्षा कोणी करू नये. तथापि, जो चित्रपट स्वतःहून सामाजिक अपराधाचा उलगडा करावयास निघतो, त्याला तो अपराध कोठे व कसा घडतो याची जबाबदारी टाळता येत नाही.

येथे चित्रपटाची खरी चूक आहे. त्याने स्त्रीहत्येला खेड्यात, जुन्या घरात, अघोरी समजुतीत आणि एका वृद्धेच्या हातात बसविले. प्रत्यक्षात 1991 ते 2011 या काळातील घसरण हाताने केलेल्या हत्यांची नव्हे. ती यंत्रांची आहे, पदवीधरांची आहे, आणि तालुक्याच्या पेठेत रीतसर पाटी लावून बसलेल्या दवाखान्यांची आहे. 1988 चा कायदा करावा लागला तो प्रामुख्याने मुंबईसारख्या शहरांतील गर्भपरीक्षेच्या धंद्यामुळे. शहरातून आलेली निरागस नेहा आणि खेड्यातली क्रूर तुळसाबाई ही मांडणी शहरी प्रेक्षकाला फार स्वस्तात निर्दोष सोडते. घाबरून घरी गेलेल्या त्या प्रेक्षकाला आपल्या रस्त्यावरच्या दवाखान्याचे भय वाटत नाही.

उषा नाईक यांच्या अभिनयाने या मांडणीला जरा तडा जातो, हेही सांगितले पाहिजे. त्यांची तुळसाबाई राक्षसीण म्हणून उभी राहत नाही. ती स्वयंपाक करते, पाय चेपते, जपते, आणि त्याच हातांनी घराण्याचे काम उरकते. घरातील पुरुषांची इच्छा जिच्या हातून पार पडते तिची ही व्यक्तिरेखा आहे. उत्तरार्धात गतगोष्टींचे सविस्तर निवेदन सुरू होते तेव्हा दिग्दर्शकाला या गुंतागुंतीचा विसर पडतो, आणि जे प्रेक्षकाने तिच्या नजरेत आधीच वाचले होते ते पुन्हा दृश्यांतून समजावून सांगितले जाते. पुरुषांचा वाटा या निवेदनात मागे पडतो. फुरिया यांनीच 2021 मध्ये याच कथेचा ‘छोरी’ हा हिंदी अवतार नुसरत भरुचा यांना घेऊन केला. त्यातही ऊस कायम राहिला. मध्यवर्ती प्रतिमा एका भाषेतून दुसरीत न बदलता गेली, यावरून कथेचा कणा कोठे आहे हे कळते. तो वळणावळणांच्या कथानकात नसून फडात आहे.

आणि तरीही या फडाविषयी चित्रपटाला पुरती माहिती नाही. ऊस हा केवळ लपण्याचा चक्रव्यूह म्हणून येतो. कोणाच्या श्रमाने तो उभा राहतो आणि कोण तो तोडतो, हे पडद्यावर दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील तांडे आणि वस्त्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकाकडे निघतात. त्यांत गर्भवती स्त्रिया असतात. मोळी डोक्यावर घेऊन त्या शेवटच्या महिन्यापर्यंत चालतात. पाळीच्या वा आजारपणाच्या खाड्यांनी मजुरी बुडू नये म्हणून बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे 2019 मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून पुढे आले. उसात वावरणारी गर्भवती, हा ‘लपाछपी’चा गाभा, आणि उसात वावरणाऱ्या ज्या असंख्य गर्भवती खरोखर आहेत त्यांतील एकही त्याच्या पडद्याच्या कडेवरूनही जात नाही. नेहाला फडात दिसतात ती मेलेली मुले. कोयतेकरी बाई तिला एकदाही भेटत नाही. चित्रपट संपतो तेव्हा ऊस जसाच्या तसा उभा असतो, त्याला तोड लागत नाही.